गिट्टी कोणाच्या हातात

दुर्ग, ९ नोव्हेंबर १९६४

नलू,

वर 'चि.' नाही आणि 'अनेक आशीर्वाद'ही नाहीत. विसरले नाही. दोन्ही लिहिले होते. मग तो कागद फाडून नवा घेतला, म्हणजे तुला खाडाखोडसुद्धा दिसू नये.

तुझी माय पंचफुला नागपूरहून परत आली त्याला आज नऊ दिवस झाले. तुमच्या नाटक कंपनीचा प्रयोग नागपुरात आहे हे मीच पेपरात वाचलं आणि सायकल काढून मरोद्याला तुमच्या वस्तीवर सांगायला गेले. तुझ्या बाबांच्या, शेषरावांच्या रजेचा अर्ज मीच लिहून दिला. पंचफुलानं जवसाची चटणी कुटून डब्यात भरली, कारण तुला भातावर तीच लागायची. धाकट्या गुलाबलाही बरोबर घेतलं. ताई रंगमंचावर दिसणार म्हणून ती पोरगी दोन दिवस जमिनीवर चालत नव्हती.

प्रयोग संपल्यावर तिघं मागच्या दाराशी उभी राहिली. तू बाहेर आलीस. पंचफुला म्हणाली, "नले, मले वळखलं नाही का वं?" तुझ्याबरोबरच्या कुणा गृहस्थांनी विचारलं, या कोण? आणि तू म्हणालीस, "या आमच्याकडे कामाला होत्या."

हे मला पंचफुलानं नाही सांगितलं. गुलाबनं सांगितलं. "बाई, डिब्बा मेरे हाथ में था. ती बोलली, ठेवून दे तिकडं. मी नाही ठेवला. वापस आणला." आणि मग म्हणाली, "बाबा रडले. माय नाही रडली."

कामाला होत्या! होती कामाला, खरंच आहे ते. पोलाद प्लान्टच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसच्या पायात जे काँक्रीट आहे, त्यातली किती घमेली तिच्या डोक्यावरून गेली ते तिलाही सांगता येणार नाही. पाळणाघर नव्हतं; तिच्या पायाशी रेतीच्या ढिगावर तू गुलाबला सांभाळत बसायचीस. विसरलीस?

आणि मी? ठेकेदारानं काम संपल्यावर टाकून दिलेली ती टिनाची शेड आठवते का? सिमेंटची रिकामी पोती धुऊन, उसवून, मी त्यांचा पडदा शिवला. गेरू आणि चुना कालवून त्यावर झाडं रंगवली. दूध पावडरच्या डब्यांत दिवे लावून उजेड केला. पेटी माझी, नाटक माझं, चाली माझ्या, तुमच्या परकरांना काठ माझ्या लुगड्याचे. दुर्गातले लोक म्हणत, सिंधुताईंना वेड लागलं, मजुरांच्या पोरांना नाटक शिकवायला रोज सात मैल सायकल मारतात. सतरा पोरं होती तेव्हा. त्यातली तू एक. उभं कसं राहायचं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यायचा, हे तुला मी शिकवलं. तुला पुण्याला पाठवायला शेषराव तयार नव्हते. मी त्यांच्या ओट्यावर बसून म्हटलं, "जबाबदारी माझी."

त्या शब्दाची आता मला लाज वाटते आहे, आणि ती तुझ्यामुळे.

आठ दिवसांत मायला पत्र लिही. मला नको. तिला लिही. मी वाचून दाखवीन.

बाई


दुर्ग, २२ नोव्हेंबर १९६४

नलू,

आठ दिवस होऊन गेले.

तू न लिहिल्यानं काय झालं ते ऐक. सव्वीस जानेवारीला आपण विहिरीचं नाटक पुन्हा करतो आहोत. तेच, ज्यात तू पहिल्यांदा उभी राहिलीस. प्लान्टसाठी गाव उठतं, माणसं निघून जातात आणि एक मुलगी विहिरीशी बोलायला मागे राहते. तुझी ती भूमिका आता गुलाब करते आहे. करत होती.

सोमवारी ती तालमीला आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी घरी गेले. पंचफुला दारातच तांदूळ पाखडत बसली होती. सूप थांबलं नाही.

"गुलाब कुठे आहे?"

"आत हाय."

"तालमीला का नाही पाठवली?"

"नाही पाठवत."

"अहो, नाटक दोन महिन्यांवर आलं."

"तुमचं नाटक तुमी पाहा, बाई. एक पोरगी देल्ली तुमाले. आता थे आमाले कामवाली म्हनते. दुसरी नाही देत."

मग तिनं सांगितलं की आमगावचं एक स्थळ आहे. मुलगा रेल्वेत गँगमन आहे. माघात ते पाहायला येणार. शाळाही बंद. नववीतली पोरगी! मी म्हटलं, "तिला शिकू द्या, ती हुशार आहे." तर पंचफुला म्हणाली, "नलूबी हुशारच होती ना."

 मी सायकलकडे वळले.

निघताना गुलाब मागच्या बाजूनं धावत आली. तिला साऱ्या नाटकाचे साऱ्यांचे संवाद पाठ आहेत. विहिरीचेही. "बाई, माय मानतच नाही ना. मैंने बोला उसको, मी ताईसारखी नाही करणार. तर ती म्हणते, ताईबी असंच म्हने."  

तेव्हा आता हे तुझ्या न् माझ्या रागापुरतं राहिलेलं नाही. गुलाबची शाळा, तिचं नाटक, तिचं लग्न, सगळं एका वाक्याला टांगलेलं आहे आणि ते वाक्य तू बोललीस. माघापूर्वी तूच ते मागे घे. इथे ये. येता येत नसेल तर लिही.

माझा भाऊ चिंतामणीदादा म्हणतो, रागात लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी वाचून मग टाकावं. दोन दिवस वाचलं. एक शब्दही कमी करावासा वाटला नाही.

बाई


दुर्ग, १३ डिसेंबर १९६४

नलू,

तुझं कार्ड मिळालं. साडेचार ओळी. अक्षर सुरेख आहे. तेही माझंच.

मी ते घेऊन तशीच मरोद्याला गेले. शेषराव पहिल्या पाळीहून नुकते आले होते, बूट काढत होते. पंचफुला चुलीपाशी होती. मी मोठ्यानं वाचलं: "ती. आईस सादर नमस्कार. त्या दिवशी गडबडीत बोलण्यात काही कमीअधिक झाले असल्यास आईने मनावर घेऊ नये."

पंचफुलानं विचारलं, "आई कोन?"

"तुम्ही."

"मले तं माय म्हने."

शेषराव म्हणाले, "अवं, पत्रात तसंच लिहा लागते."

"तं मंग हे कागदाले लिहिलं, मले नाही," असं म्हणून तिनं चुलीत फुंकर मारली.

गडबडीत! कमीअधिक! नलू, हे तू कार्डावर लिहिलंस, जे पोस्टमननंही वाचलं असेल. माफी मागताना इतके गुळगुळीत शब्द तू कुठून आणलेस?

मी चिडून उठले तेव्हा पंचफुला आत गेली आणि तांदळाच्या कोठीमागून काहीतरी काढून आणलं. काळा दगड. रेल्वेलाइनीखाली घालतात ती गिट्टी. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "वळखता का?"

ओळखला. तुलाही आठवत असेल. शेडच्या मागून प्लान्टची लाइन टाकत होते, तिथूनच मी तो उचलला होता. तालमीत जो 'मले' म्हणेल, 'तुले' म्हणेल, 'का'च्या जागी 'कावून' म्हणेल, त्यानं गिट्टी हातात धरायची, आणि पुढचा चुकेपर्यंत सोडायची नाही. पोरं हसायची. एकमेकांना चुकवायला बघायची. खेळ होता तो. मी कुणाला कधी चापट मारली नाही, उठाबशा काढायला लावल्या नाहीत. तुमची मराठी शाळेतल्या हिंदीत विरघळून चालली होती आणि ती मला राखायची होती. शुद्ध बोलल्याशिवाय बाहेर कुणी तुम्हांला उभं केलं नसतं. तुला तरी केलं असतं का? सांग.

तो दगड त्यांच्या घरी कसा गेला, हे पंचफुलानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला उशीर होत होता.

ते कार्ड पुरेसं नाही. दुसरं लिही.

बाई


दुर्ग, ३ जानेवारी १९६५

नलू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. उशीर होत नव्हता. रविवार होता आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

दगड त्यांच्या घरी कसा गेला ते मला माहीत होतं. तूच नेलास. बारा-तेरा वर्षांची होतीस. तालीम संपली तेव्हा गिट्टी तुझ्या हातात राहिली होती, म्हणून तू ती घरी नेलीस. जेवताना माय म्हणाली, "मले जराशी डाळ दे," आणि तू तो दगड तिच्या हातावर ठेवलास. दुसऱ्या दिवशी तू हे सगळ्यांना सांगितलंस, आणि मी हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "शाब्बास नलू, आता घरही शुद्ध कर." मग लाइनीवरून दुसरी गिट्टी उचलून आणली.

पुढचा चुकेपर्यंत सोडायची नाही, हा नियम. त्या घरात पुढचं कुणी चुकणार नव्हतं. शेषराव तुझ्यासमोर कमी बोलायला लागले, आणि तू तर चुकणं सोडूनच दिलं होतंस. म्हणून दगड मायकडेच राहिला.

काल मी पुन्हा गेले. गुलाबला मागायला, शेवटचं. मी पंचफुलाला खूप बोलले. म्हटलं, नलूनं पाप केलं, त्याची शिक्षा या पोरीला का? असं वाक्य तिच्या तोंडून निघालंच कसं, मी तिला हे शिकवलं नाही. तेव्हा ती म्हणाली,

"थे वाक्य तिचं नाही, बाई. तुमचं हाय."

"माझं?"

"पयल्या नाटकाच्या दिवशी. रशियन साहेब आला होता, त्याची बाई आली होती. मी कामावरून तशीच आली, नलीच्या येन्या घालाले. आंगावर सिमिट होतं. तुमी मले म्हनल्या, आज काही बोलू नका. मंग साहेबानं इचारलं, हे कोन. तुमी काय सांगतलं?"

मला आठवलं. नलू, तिनं आठवण करून दिली म्हणून आठवलं असं लिहिणार होते. तेही खोटं ठरेल. मला त्या दिवसापासून आठवत होतं. तुझ्या नागपूरच्या वाक्यावर मी इतकी का पेटले, ते मला पहिलं पत्र लिहितानाच ठाऊक होतं. मी म्हटलं होतं, "या आमच्याकडे कामाला असतात." दुभाष्यानं ते रशियनमध्ये सांगितलं. साहेब मान हलवून हसला. पंचफुला वेणी अर्धी सोडून मागे जाऊन बसली. आणि तू तिथेच उभी होतीस, आरशासमोर, एक वेणी घातलेली, एक सुटलेली.

तू फक्त 'असतात'चं 'होत्या' केलंस.

त्या नाटकातलं गाणंही तिचंच. घमेली वाहताना ती म्हणायची, "मले पानी दे वं माय, माह्या डोईवर ऊन." मी ते "मला पाणी दे गं आई, माझ्या डोक्यावर ऊन" केलं. ते तालात बसेना. डोईवर जिथे सम पडते तिथे डोक्यावर अडखळतं. मी पेटीनं ती जागा भरून काढली आणि लोकांना सांगितलं, चाल माझी.

तुला वाटेल, बाई आता स्वतःलाच झोडपते आहे म्हणजे मी सुटले. सुटलेली नाहीस. तेव्हा तू लहान होतीस. नागपुरात वीस वर्षांची होतीस.

पण मी चाळिशी ओलांडलेली आहे, आणि मला हे कुठून आलं तेही सांगते. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी हाक मारली. मी आतून म्हटलं, "येऊन राहिले," म्हणजे आपल्याकडचं 'येते आहे'. माजघरात हशा पिकला. "येऊन कुठे राहिलीस गं? कुणाकडे?" दोन वर्षं मला तीच हाक होती, कुठे राहिलीस. मग नवरा गेला, मी दुर्गाला परत आले, आणि शुद्ध मराठी तेवढी बरोबर आणली. तिकडून मिळालेली ती एकच वस्तू. ती मी तुमच्या हातात दिली, दगडासारखी.

पंचफुलापुढे मी यातलं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "हो. माझंच वाक्य आहे."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोरगी देतो. पन थे बोलन तं घरच्यासारखी बोलन. नाही तं तुमी अन् तुमचा पडदा."

"गाणंसुद्धा?"

"गानं तं माहंच हाय."

बाई


दुर्ग, २८ जानेवारी १९६५

नलू,

तू आली नाहीस. वाट पाहिली हे लिहायला मला आवडत नाही.

नाटक झालं. प्लान्टच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या मोकळ्या मैदानात, दुपारी चारला. पोत्यांचा पडदा तोच आहे, झाडं मी पुन्हा रंगवली. पुढच्या रांगेत प्लान्टचे साहेब लोक होते. त्यातल्या एकानं पडद्याजवळ पंचफुलाला पाहिलं आणि मला विचारलं, "ये कौन हैं?"  मी म्हटलं, "ये नलू और गुलाब की माँ हैं. इस नाटक का गाना इन्हीं का है."

पंचफुला मला म्हणाली, "येवढ्या जोरानं कायले सांगता? बहिरे हाय का थे?"

तीन आठवडे मी गुलाबला सगळं उलटं शिकवत होते. विहिरीनं काय बोलायचं, मुलीनं काय, सगळं पंचफुलाला विचारून बदललं. ती शेडमध्ये दारापाशी बसायची आणि मी 'कशाला' म्हटलं की म्हणायची, "कायले." इतर पोरांना गंमत वाटायची, बाईंना कोणी चुका सांगतंय. पण दोन वर्षं मी गुलाबच्याही हातात गिट्टी दिलेली होती. ते तीन आठवड्यांत जातं का?

गाण्याची वेळ आली. पाचशे माणसं. गुलाब विहिरीच्या काठावर उभी राहिली, तोंड उघडलं आणि म्हणाली, "मला पाणी दे गं…"

आणि थांबली. तिला कळलं.  मी पेटीवर होते, माझी बोटं जागच्या जागी. 

पडद्यामागून पंचफुलाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "मले!"

लोक हसले. पण तो माजघरातला हशा नव्हता. मागच्या रांगांमधून, घमेली वाहणाऱ्या रेजा आणि जड सामान उचलणारे खलाशी बसले होते तिथून, कुणीतरी ओरडलं, "हाव ना, मले म्हन!" गुलाबही हसली. मग तिनं मायच्या सुरात उचललं, "मले पानी दे वं माय, माह्या डोईवर ऊन." समेवर बरोबर पडलं. मी पेटी वाजवली नाही. गरज नव्हती.

गाणं संपेपर्यंत शेषराव उभे होते. मागच्यांनी ओरडून बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

सगळं उत्तम झालं असं समजू नकोस. आमगावचे लोक आता माघात न येता चैत्रात येणार आहेत, एवढंच. गुलाब शाळेत जाते आहे. चैत्रात मला पुन्हा भांडावं लागेल. भांडेन. पंचफुलाशीही, आणि बहुतेक हरेन, कारण ती माझ्याहून चांगली भांडते.

आणि तुझ्यावरचा राग गेलेला नाही. मायनं तुझं नाव घेतलं नाही. चटणीचा डबा मात्र धुतलेला नाही, फळीवर तसाच आहे. मी पाहिलं.

पडदा गुंडाळताना पंचफुला माझ्याजवळ आली. कमरेच्या ओच्यातून गिट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

मी म्हटलं, "चुकली तर गुलाब."

"थे नाही चुकली. 'मला' तिच्या तोंडात कोनं घातलं?"

दगड गरम होता, तिच्या अंगाच्या उबेनं. मी मूठ मिटली. नियम माझाच होता.

आधी वाटलं होतं, तो तुला पार्सलनं पाठवावा. पाठवत नाही. तो तुझा नाही. तुला कार्डही मागत नाही. इथे ये, मायसमोर उभी राहा, आणि तू पुण्याला जाण्याआधी जशी तिला हाक मारायचीस तशी मार. मी चूक काढणार नाही.

मी वाट पाहून राहिली आहे. बघ, चुकले. गिट्टी अजून माझ्याच हातात आहे.

बाई